बांबूवरच्या चार खाचा

ती भाषा मी नोकरीसाठी शिकले असं आमच्या सगळ्या नातेवाइकांना आजही वाटतं. कुणाच्या हळदीला गेले की कुणी ना कुणी आपल्या पोराला माझ्यासमोर उभं करतं आणि सांगतं, "बघ, या आत्यानं कसा जीव तोडून अभ्यास केला, म्हणून कंप्युटरमध्ये एवढी पुढं गेली." मी हसते आणि भाताच्या पातेल्याकडे वळते. आता या वयात कुणाकुणाला सांगत बसू? मी ती भाषा शिकले ती आमच्या बाबांना खाडीत परत जाता यावं म्हणून. दुसरं काही म्हणता काही कारण नव्हतं. नोकरी नंतर लागली, ती लागायचीच होती म्हणून लागली. त्या वर्षी माझ्या हातात होते ते वैशाखातल्या एका षष्ठीपासून नारळी पुनवेपर्यंतचे दिवस.

आमचं घर बोनकोड्यात, गावठाणात. चारी बाजूंनी सेक्टर आणि सोसायट्या, आणि मध्ये एकमेकांना खांदा लावून बसलेल्या आमच्या खोल्या. मागच्या इमारतीच्या एसीचं पाणी दिवसभर आमच्या पत्र्यावर ठिबकायचं. आईनं त्याच्याखाली बादली लावली होती आणि त्या फुकटच्या पाण्यावर तिचा अळू तरारला होता. सकाळी जाग यायची ती तांदळाच्या भाकरीच्या थापांनी. लग्नाचा सीझन असला की त्यात डीजे मिसळायचा, आणि मांडणीवरची ताटं आपोआप किणकिणायला लागायची. बाबा तुर्भ्याच्या एका कंपनीत हेल्पर होते, पण ते नुसतं पगारापुरतं. खरे बाबा खाडीचे. ड्युटीच्या आधी नाहीतर नंतर, जसं पाणी असेल तसं, ते होडी घेऊन तिवरांच्या झाडीतून आत शिरायचे आणि येताना काहीतरी आणायचेच. कधी चिंबोऱ्या, कधी मूठभर कोळंबी, कधी निवट्या, चिखलात उड्या मारणारे ते मासे. निवट्यांचं चिंच घातलेलं कालवण आई करायची तसं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. आता मीच करते, पण चव लागत नाही. निवट्या बाजारातल्या, दुसरं काय.

भरती कधी येणार हे बाबांना कुणी सांगावं लागत नसे. आमच्याकडे त्याचा हिशेब असतो. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं. जे येईल तितक्या वाजता समुद्राच्या तोंडाशी भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. तिथून पाणी आमच्या खाडीच्या पोटात शिरेपर्यंत साधारण पाऊण तास धरायचा, पुनव-अवसेच्या उधाणाला तासाच्या वर, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला पाऊण तासाहून कमी. बाबा हे तोंडानं कधी बोलत नसत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे, तंबाखूची चिमूट दाढेखाली सारायचे आणि उठायचे. मी कॉलेजात बीएससी आयटी करत होते, गणितात पैकीच्या पैकी मिळवत होते, पण हा हिशेब मी एकदाही करून बघितला नव्हता. कशाला करायचा? बाबा होते ना.

त्या वैशाखात बाबा षष्ठीला दशमी समजले. एवढीच चूक. त्यांच्या हिशेबानं पाणी सव्वाआठपर्यंत चढणार होतं, म्हणून साडेसहाला ते निघाले. खरी भरती सव्वापाचलाच होऊन गेली होती. खाडीच्या आतल्या एका फाट्यात त्यांनी जाळं टाकलं आणि बघता बघता पाणी खालून निघून गेलं. होडी चिखलात बसली. त्या चिखलात उतरायचं म्हणजे कमरेपर्यंत जायचं, म्हणून ते होडीतच बसून राहिले. आठ ते एक. वैशाखातलं ऊन, डोक्याला टोपीपण नाही. आईच्या भावाचा मुलगा बाळाराम, आमच्याच आळीतला, पाणी परत चढल्यावर त्यांना घेऊन आला, तेव्हा बाबांच्या ओठांवर मीठ साचलं होतं आणि ते एकच बोलत होते, "आज दशमी हाय. दशमी हाय आज." डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. मेंदूत बारीक बारीक गुठळ्या होऊन गेल्यात म्हणाले, हळूहळू विसरणं वाढेल. ड्युटी तर तिथेच सुटली. त्याचं बाबांना काही वाटलं नाही.

पण आईनं होडीचंही ठरवून टाकलं. भाकरी भाजता भाजता, चुलीसमोरून मानही न वळवता ती म्हणाली, "नारली पुनवेला होरी बालारामला द्यायची. मी त्याला सबुद दिलाय."  बाबा उंबऱ्यावर बसले होते, तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. जो माणूस घरात कधी दुपारी दिसला नाही, तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर. आल्यागेल्याला वाट द्यायला तेवढा सरकायचा. जेवायला बोलावलं की जेवायचा. आठ दिवसांत त्यांचे खांदे उतरले. मला खरंच भीती वाटली की आई त्यांना बुडण्यापासून वाचवतेय आणि ते उंबऱ्यावरच संपून जातायत.

मी आईशी भांडले. म्हटलं, "हिशेब चुकतो ना त्यांचा? मग हिशेब मोबाईल करेल. त्यांना फक्त आकडा बघायचा."

"आनि तुजा मोबाईल चुकला तर?"

"नाही चुकणार."

"नारली पुनवेपर्यंत मना दाखव, नाय चुकत तं. मंग बघू. पन एक सांगतंय, त्या दिवशी पानी मिंटाला इकडचं तिकडं जालं, तर होरी गेली. रडायचं नाय."

मी बाबांच्या फोनमध्ये भरतीओहोटीचं एक फुकटचं ॲप टाकलं. मोठे मोठे आकडे, बाबांना चष्म्याशिवाय दिसतील असे. आणि पहिल्याच दिवशी कप्पाळ फुटलं. ॲप आमच्या खाडीची वेळ म्हणून समुद्राच्या तोंडाचीच वेळ दाखवत होतं. पाऊण तास मिळवायचा म्हणावं, तर तो रोज सारखा नाही, आणि ओहोटीचं गणित आणखीनच वेगळं. शिवाय मिळवणार कोण? ज्याला षष्ठी-दशमी कळेनाशी झाली त्यानं रोज आठवणीनं मिळवायचं? खाडीत पाऊण तास म्हणजे माणूस चिखलात बसवायला पुष्कळ झाला. त्या ॲपचा सगळा कोड कुणालाही बघायला, सुधारायला मोकळा होता. तो सांभाळणारा मार्टेन नावाचा कुणी माणूस होता, कुठल्याशा थंड देशातला, फावल्या वेळात हे काम करणारा. पहिल्याच पानावर त्यानं लिहिलं होतं की तुमच्या गावची वेळ चुकत असेल तर दुरुस्ती पाठवा. मला हायसं वाटलं. कोड उघडला आणि ते हायसं पाच मिनिटांत उतरलं. तो रस्ट नावाच्या भाषेत लिहिलेला होता. आम्हाला कॉलेजात शिकवलेल्या दोन भाषांशी तिचं नातंगोतं काही नाही.

आज माझ्या हाताखालची पोरं मशीनला सांगतात आणि मशीन कोड लिहून देतं. चांगलं आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मला त्या भाषेनं जसं रडवलं तसं त्यांना कुणी रडवणार नाही, आणि त्याचं मला कधी कधी वाईटही वाटतं. ही भाषा म्हणजे तंतोतंत आमची आई. बाकीच्या भाषा चूक चालवून घेतात, मग पुढे कुठेतरी तोंडघशी पाडतात. ही उंबऱ्याच्या आतच येऊ देत नाही. मी वीस ओळी लिहायचे आणि ती चाळीस ओळींचा लाल मजकूर माझ्या तोंडावर टाकायची. एक चूक काढली की तीन नव्या. तिचा मुख्य नियम असा की प्रत्येक वस्तूचा मालक एकच. दुसऱ्याला वाचायला हवी असेल तर उसनी द्यायची, आणि जोवर ती कुणाच्या वाचनात आहे तोवर खुद्द मालकानंही तिच्यात बदल करायचा नाही. वाक्य सोपं आहे. मी ते पन्नास वेळा वाचलं असेल, वहीत उतरवलं, पाठ केलं, आणि दर वेळी तिथेच आपटले. मला वाटायचं, मेलं माझंच आहे ना, मग माझ्या वस्तूला मी हात का लावू नये? कॉलेज सुटलं की मी लॅबमध्ये बसायचे आणि शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहीपर्यंत उठायचे नाही. घरी आले की बाबा उंबऱ्यावर, मी आत जाईन म्हणून सरकायचे. ते सरकणं मला बघवत नसे.

सव्वा महिन्यानं कसाबसा एक तुकडा चालला. तिथी घ्यायची, पाऊण पट करायची, खाडीचा उशीर मिळवायचा. बाबांचाच हिशेब, फक्त त्यांच्या डोक्याबाहेर. तो मी मार्टेनला पाठवला आणि दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. त्याचं उत्तर आलं ते फार सभ्य होतं, म्हणून जास्त लागलं. तुमचा हिशेब सुंदर आहे, मी पहिल्यांदाच असं काही वाचलं, पण अंदाजावर मी लोकांना पाण्यात पाठवू शकत नाही. त्या जागेचं मोजमाप हवं. निदान एक महिना, दर अर्ध्या तासाला पाण्याची उंची. दिवसा उजेडी घेतलेली असली तरी चालेल, फक्त खरी हवी. मी लॅबमध्ये टेबलावर डोकं टेकलं. आषाढ लागत होता. महिनाभर मोजायला कोण बसणार? मी बसले तर कॉलेज गेलं.

घरी येऊन मी हे आईला सांगत होते, बडबडतच होते, आणि उंबऱ्यावरून आवाज आला. "मी बसंल." कितीतरी दिवसांनी बाबा आपणहून बोलले होते. "डोल्यांनी बघायचं आनि लिवायचं ना? त्याला डोकं कशाला लागतं?"

दुसऱ्याच दिवशी ते चांगला लांब बांबू घेऊन आले. मी त्यावर ऑइल पेंटनं लाल-पांढरे पट्टे मारले, आकडे घातले, आणि ओहोटीला आम्ही दोघांनी तो जुन्या जेट्टीसमोर चिखलात रोवला. एक मोठी वही, दोरीनं बांधलेलं पेन, आणि एक घड्याळ. पावसाचे दिवस, म्हणून डोक्यावर निळं प्लॅस्टिक. बाबा पहाटेच भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून घेऊन जायचे आणि सूर्य मावळेपर्यंत जेट्टीवर. मी कॉलेजातून परस्पर तिकडे जायचे. वही बघायचे. त्यांचं अक्षर शाळकरी पोरासारखं मोठं, पण एक अर्धा तास चुकलेला नाही. कुठे पावसानं शाई पसरली असेल तर बाजूला पुन्हा लिहिलेलं. तो महिना त्यांचा फार छान गेला. काही आठवायचं नव्हतं, समोर दिसेल ते लिहायचं होतं. खांदे परत वर आले. एकदा तर मला म्हणाले, "दिपू, तुजा तो सायेब रोज माजी वही वाचतो का?" मी म्हटलं, वाचणार आहे. त्यांनी पेन शर्टाला पुसून खिशाला लावलं.

श्रावण लागला तेव्हा वही भरली. पुनवेला पंधरा दिवस उरले होते. मी सगळे आकडे कंप्युटरमध्ये भरले, ते मार्टेननं सांगितलेल्या गणितातून काढले, आणि उत्तर आलं ते अगदीच वेड्यासारखं. महिन्यात तीनदा खाडीचं पाणी एका दिवसात वीतभर, कधी थोडं कमीजास्त, वर चढलेलं आणि वरच राहिलेलं. असं कधी होतं का? मला वाटलं कोड चुकला. पाच दिवस मी तोच कोड उलटापालटा केला. आकडे वाचता वाचता दुरुस्त करायला गेले की ती भाषा लाल होऊन तेच एक वाक्य फेकायची, वाचनात असलेली वस्तू बदलता येणार नाही. मी स्क्रीनला शिव्या दिल्या. लॅबमधली पोरं वळून बघायला लागली. सहाव्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की कोड बरोबर असेल तर? मी घरी गेले आणि बाबांना विचारलं, "बांबूला कुणी हात लावला होता का?"

"मीच. उधान आलं का वाकायचा तो. मंग उपटायचा आनि तोच परत ठोकायचा, आजून खाली. तीनदा ठोकला." ते अभिमानानं सांगत होते.

त्यांचं काय चुकलं? जन्मभर त्यांनी जाळ्याचे बांबू तसेच सांभाळले. वाकला की काढायचा, सरळ करून आणखी खोल ठोकायचा. कुठलाही खाडीतला माणूस तेच करेल. पण पट्ट्यांचा बांबू वीतभर खाली गेला की तेच पाणी वीतभर उंच दिसणार, आणि महिन्याचं मोजमाप पार मातीत. हे सगळं मला तेव्हा सरळ सुचायला हवं होतं. मला सुचले फक्त उरलेले दहा दिवस. मी ओरडले. आईसमोर, आळीतल्या चार बायका दारात असताना ओरडले, "डोक्यात तर काही राहत नाहीच तुमच्या, निदान हात तरी आवरायचे होते! संपलं सगळं. घालवली तुम्ही तुमची होडी!"

ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. इथे लिहून टाकते, नाहीतर या प्रकरणाला अर्थ नाही.  बाबा हळूच म्हणाले, "वाकला व्हता गो. वाकलेल्या बांबूचं खरं कसं धरायचं?" आणि उठून गेले. उंबऱ्यावर नाही, बाहेर.  आईनं कालवणाखालचा गॅस बंद केला आणि पदरानं तोंड पुसलं. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही. पांघरूण घेऊन पडून होते. दुपारी अंगणात काहीतरी धप्पकन पडलं आणि आईचा आवाज आला, "आरं देवा, ह्यो चिखोल घरात कशाला आनला?" बाबांनी तो बांबू उपटून खांद्यावरून घरी आणला होता. आता नको ना तो, म्हणून. ते पत्र्याखाली बादलीतल्या एसीच्या पाण्यानं तो धूत होते, अगदी खालपासून वर, चिखल बोटांनी काढत. मी दारात येऊन उभी राहिले. माफी मागायची होती. चिखल निघाला तशा बांबूच्या खालच्या अंगाला खाचा दिसायला लागल्या. कोयत्यानं घातलेल्या, स्वच्छ. एक, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, मग चौथी.

"बाबा, ह्या कसल्या?"

"खुना." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ठोकून जाला का चिखलाला लागून खाच मारायची. बांबू किती आत गेला तं नको कलायला? ही आपुन दोघांनी रोवला तवाची. ह्या मंगच्या तीन."

मी तिथेच चिखलात फतकल मारली. चार खाचा. पहिलीपासून दुसरी किती, तेवढा बांबू पहिल्यांदा खाली गेला. दुसरीपासून तिसरी, तेवढा दुसऱ्यांदा. कधी कधी ठोकला ते बाबांना आठवत नव्हतं, आणि आठवायची गरजही नव्हती, आकड्यांतल्या तीन उड्या ते तीन दिवस ओरडून सांगत होत्या. आईच्या शिवणाच्या टेपनं मी खाचांमधलं अंतर मोजलं. एकवीस सेंटिमीटर, चौदा, सव्वीस. आकड्यांतल्या उड्यांशी बोट-दोन बोटांच्या फरकानं जुळलं. वही मातीत गेली नव्हती. बाबांनी बांबू हलवला होता, पण किती हलवला ते बांबूवरच लिहून ठेवलं होतं. मी बाबांच्या ओल्या हातांवर डोकं टेकलं आणि रडले. ते म्हणाले, "आता काय जालं? परत चुकलं का?"

आणि गंमत बघा, ती भाषा मला त्या दिवशी कळली. वाचनात असलेल्या वस्तूत मालकानंही बदल करायचा नाही. का, ते आता मला कुणी समजवायला नको होतं. बांबू बाबांचाच होता, पण वही त्याच्यावरून वाचत होती. मी आकड्यांचे चार तुकडे केले, प्रत्येकाची दुरुस्ती वाचन संपल्यावर वेगळी लावली, आणि पहिल्यांदाच लाल मजकूर आला नाही. एक ओळसुद्धा नाही. मी घाबरून दोनदा पुन्हा चालवून बघितलं. मग वहीच्या सगळ्या पानांचे आणि बांबूचे फोटो काढून मार्टेनला पाठवले. त्यानं दोन दिवस प्रश्न विचारले, चार ठिकाणी बदलायला लावलं, आणि शेवटी एकच विचारलं, निरीक्षकाचं नाव काय लिहायचं? मी बाबांचं नाव लिहिलं. पुनवेला तीन दिवस असताना दुरुस्ती स्वीकारली गेली आणि बाबांच्या फोनमधल्या यादीत आमची खाडी आली.

नारळी पुनवेला अर्धी आळी जेट्टीवर. ॲप म्हणत होतं, बारा वाजून वीस मिनिटं. आईनं घरातलं घड्याळ भिंतीवरून काढून छातीशी धरून आणलं होतं, फोनवर तिचा विश्वास नव्हता. बाळाराम नवा शर्ट घालून होडीशेजारी उभा. बाबांनी पूजा केली, नारळ पाण्यात सोडला. तो आत, जमिनीकडे वाहत निघाला, कारण पाणी चढत होतं. सगळे त्या नारळाकडे बघत होते. बारा, सव्वाबारा. नारळ मंदावला. मग जागच्या जागी उभा राहिला, कुणी हातानं धरावा तसा. आईनं घड्याळ वर करून बघितलं. बारा वीस. थोडा वेळ तसाच राहिला आणि सावकाश तोंड फिरवून समुद्राकडे निघाला. बाळारामच आधी बोलला, "आत्याबाय, होरी तुमची." आई म्हणाली, "गप रं, मना दिसतंय." आणि बाबा होडीत बसले. त्यांनी वल्हं मारलं तेव्हा मला वाटलं, जिंकले मी. एकोणीस वर्षांची होते, मला तसं वाटायचा हक्क होता.

पाच दिवस सगळं छान चाललं. सहाव्या दिवशी, पुन्हा एक षष्ठी, बाबा पहाटे वेळ बघून निघाले आणि परतायच्या वेळेला परतले नाहीत. सहा वाजले, साडेसहा वाजले. बाळाराम होडी घेऊन गेला, मीही त्याच्याबरोबर. आतल्या फाट्यात, तिवरांच्या सावलीत, बाबांची होडी दोरीनं बांधलेली होती. वल्ही आत घेतलेली, टोपलीत चिंबोऱ्या, आणि बाबा शांत बसलेले. फोन खिशात. ओहोटी लागली होती, पण होडीखाली अजून पुरेसं पाणी होतं. मी बाबा, बाबा म्हणून हाका मारल्या तेव्हा त्यांनी वर बघितलं. ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"पानी येलंवर आलं गो दिपू," ते म्हणाले. "तू सांगतलंस तवाच. पन घर कुठल्या अंगाला तं काय आठवंना. मंग म्हटलं बसावं."

मी ज्या गोष्टीसाठी जीव काढला ती बरोबर होती. मिनिटाला मिनिट बरोबर होती. आणि तिचा काही उपयोग नव्हता, कारण बाबांना नुसती वेळच सोडून गेली नव्हती, वाटही सोडत चालली होती. विसरणं वाढणार हे डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं आणि मी तिकडे बघितलं नाही, कारण वाट शिकवायला कुठली भाषा नाही. संध्याकाळी बाबांनी स्वतःच वल्ही धुतली आणि बाळारामच्या दारात नेऊन उभी केली. आई, जिनं हे सगळं आधी ठरवलं होतं, ती मोरीत नळ सोडून रडली.

त्यानंतर बाबा सहा वर्षं होते. आधी वार आणि तिथी गेल्या, मग आळीतली नावं गेली, मग माझं नाव गेलं. मी नोकरीवरून आले की उंबऱ्यावरून सरकायचे, परक्या बाईला सरकावं तसे. पण एक प्रश्न राहिला. रोज, न चुकता, माझ्याकडे बघून विचारायचे, "पानी कवा?" मी फोन काढायचे, त्यांच्याच वहीतून निघालेला आकडा वाचायचे. "पावणेसातला, बाबा." ते डोळे बारीक करायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजायचे आणि मान हलवायचे. "बरोबर हाय." मग आम्ही दोघं जेवायला आत जायचो.